विसावा, आळस आणि संप : एका स्पॅनिश क्रियापदाचा प्रवास

लोहाराचा भाता आपण पाहिलेला असतो. फुगतो, दबतो, पुन्हा फुगतो. लॅटिन भाषेत या भात्याला ‘फोल्लिस’ म्हणत. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये एक क्रियापद तयार झालं, ‘फोल्लिकारे’. भात्यासारखा श्वास घेणं, म्हणजेच धापा टाकणं, हा त्याचा अर्थ. डोंगर चढून आलेला माणूस दगडावर टेकतो आणि त्याची छाती वरखाली होऊ लागते, तसं. आता धाप लागलेला माणूस काम करत नसतो, तो थांबलेला असतो. त्यामुळे धापा टाकण्यातून दम घेणं आणि दम घेण्यातून विसावणं, असा अर्थ हळूहळू पुढे सरकला. आपणही ‘जरा दम खा’ म्हणतो. तो ‘दम’ फारसीतून आला आणि त्याचाही मूळ अर्थ श्वासच आहे.

स्पेनमध्ये या क्रियापदाचं आधी ‘फोल्गार’ झालं. पुढे स्पॅनिश भाषेनं बऱ्याच शब्दांच्या आरंभीचा ‘फ’ गाळला. लॅटिन ‘फारिना’, म्हणजे पीठ, तिकडे ‘आरिना’ झालं. तसं फोल्गारचं ‘ओल्गार’ झालं. शेजारच्या पोर्तुगीज भाषेनं मात्र तो ‘फ’ जपून ठेवला, तिथे आजही ‘फोल्गार’च आहे आणि आठवड्याच्या सुटीला ‘फोल्गा’ म्हणतात.

हे ओल्गार क्रियापद आता स्पॅनिश बोलण्यात जुनाट वाटतं. रिकामं बसणं, काम न करणं, हा त्याचा कोशातला अर्थ. रोजच्या भाषेत ते मुख्यतः एका ठरीव प्रयोगात उरलं आहे, ‘वेल्गा देथिर’, म्हणजे ‘हे सांगायला नकोच’. जे सांगणं रिकामं आहे, ज्याला काम नाही, ते सांगणं. पण क्रियापद म्हातारं झालं तरी त्याची मुलंबाळं घरभर आहेत. ‘ओल्गादो’ म्हणजे ऐसपैस, सैल, अंगाला न काचणारं. कपडाही ओल्गादो असतो आणि निवडणुकीतला विजयही. ‘ओल्गाथान’ म्हणजे आळशी, कामचुकार. दक्षिण स्पेनच्या उच्चारानं घडलेला ‘हुएर्गा’ म्हणजे रात्रभर चाललेली मौजमजा. आणि ‘वेल्गा’ म्हणजे संप.

एकाच आईची ही लेकरं. विसावा, आळस, मौज आणि संप. एका श्वासातून इतके वेगळे अर्थ कसे फुटले? याचं उत्तर व्याकरणात सापडत नाही, ते इतिहासात शोधावं लागतं. काम न करणारा माणूस समोर दिसला की त्याला काय म्हणायचं, हे बहुधा तो कोण आहे यावर ठरत आलं आहे. त्याहूनही जास्त, बोलणारा कोण आहे यावर.

उत्तर स्पेनमधल्या बुर्गोस शहरापासून सुरुवात करू. शहराच्या कडेला ‘लास वेल्गास’ नावाचा जोगिणींचा मठ आहे. कास्तीलचा राजा आठवा अल्फोन्सो आणि त्याची राणी लेओनोर यांनी तो ११८७ मध्ये स्थापन केला. इथे संपाचा काही संबंध नाही. या जागी राजाचं विसाव्याचं ठिकाण होतं असं कुणी सांगतं, तर जनावरं चरायला सोडायची हिरवळ होती असं कुणी सांगतं. कसंही असलं तरी इथली वेल्गा म्हणजे सुखाचा विसावा. राजघराण्यातल्या, सरदारांच्या मुली इथे जोगीण होत. मठाच्या प्रमुख जोगिणीचा अधिकार आसपासच्या कितीतरी गावांवर चाले आणि तो जवळजवळ एखाद्या बिशपाएवढा होता. तिचा हा विशेष अधिकार १८७३ पर्यंत टिकला. राजांच्या विसाव्याच्या नावानं चाललेल्या या मठाला कुणी आळशी म्हटलं नाही.

याच बुर्गोसमध्ये सव्वातीनशे वर्षांनी एक कायदा झाला. २७ डिसेंबर १५१२ ही त्याची तारीख. कोलंबसाच्या सफरीनंतर कॅरिबियन समुद्रातलं हिस्पॅनिओला बेट, म्हणजे आजचे हैती आणि डोमिनिकन रिपब्लिक, स्पेनच्या ताब्यात आलं होतं. तिथल्या ताइनो लोकांना सोन्याच्या खाणींवर जुंपलं जात होतं. लोक पळून रानात जात. यावर इसाबेला राणीनं १५०३ मध्येच फर्मान काढलं होतं. हे लोक भटकत राहतात, मजुरी देऊ केली तरी कामाला येत नाहीत, तेव्हा त्यांना कामाला लावा, असा त्याचा आशय होता. ते लोक मोकळे आहेत, गुलाम नाहीत, हेही त्याच फर्मानात लिहिलेलं होतं. मोकळा माणूस, पण काम नाकारायची मोकळीक नाही!

पुढे १५११ च्या डिसेंबरात आन्तोनियो दे मोन्तेसिनोस या धर्मगुरूनं त्या बेटावर भर प्रार्थनेत वसाहतवाल्यांना खडसावलं. या लोकांना कोणत्या अधिकारानं राबवता, ही माणसं नाहीत का, असं त्यानं विचारलं. त्याचे पडसाद स्पेनच्या दरबारात उमटले आणि बुर्गोसचे कायदे तयार झाले. या कायद्यांची प्रस्तावनाच म्हणते की हे लोक स्वभावतः आळसाकडे आणि वाईट सवयींकडे झुकलेले आहेत. म्हणून त्यांची घरं स्पॅनिश मालकांच्या जमिनींजवळ आणावीत, म्हणजे ते नजरेखाली राहतील.

आणि त्याच कायद्यात आपलं क्रियापद भेटतं. खाणीत पाच महिने सोनं काढल्यावर या लोकांनी चाळीस दिवस विसावा घ्यावा, असं कलम आहे आणि विसाव्यासाठी ओल्गार हेच क्रियापद वापरलेलं आहे. ‘विसावा’ म्हणजे काय, तर त्या दिवसांत त्यांनी स्वतःची शेतं लावायची आणि मालकानं त्यांना धर्मशिक्षण द्यायचं. गरोदर बाईला चौथ्या महिन्यानंतर खाणीत पाठवू नये, लोकांना जमिनीवर झोपू देऊ नये, प्रत्येकाला झुला द्यावा, अशीही कलमं होती. कागदावर दया होती. पण पुढच्याच वर्षी, १५१३ मध्ये, दुरुस्ती आली : वर्षातले नऊ महिने स्पॅनिश मालकांकडे काम, आणि उरलेल्या तीन महिन्यांत आळसात राहू नयेत म्हणून स्वतःच्या शेतावर किंवा मजुरीवर काम. म्हणजे वर्षाचे बाराही महिने भरले. काही दशकांत त्या बेटावरची ताइनो वस्ती जवळजवळ नाहीशी झाली. रोगराई, उपासमार आणि राबणूक यांनी ती संपली. आळसानं कुणी मेल्याचं मात्र नोंदलेलं नाही.

शहर तेच, शब्दही तोच. राजाच्या नावे तो मठाचं वैभव होतो आणि ताइनो मजुराच्या वाट्याला मोजून चाळीस दिवस येतो, तेही ‘हे मुळातच आळशी’ असा शेरा मारून.

ज्या स्पेनमधून हे शेरे निघत होते, तिथल्या उच्चकुलीन माणसाची कथा काय होती? १५५४ मध्ये ‘लाथारिल्यो दे तोर्मेस’ नावाची छोटीशी कादंबरी छापली गेली. लेखकाचं नाव तिच्यावर नाही. तिच्यातला गरीब पोऱ्या एका खानदानी गृहस्थाकडे नोकरीला राहतो. गृहस्थाच्या घरात खायला दाणा नाही, पण कमरेला तलवार आहे आणि अंगावर नीटनेटका झगा आहे. जेवल्यासारखं दिसावं म्हणून तो दारात उभा राहून दात कोरतो. हातानं काम करणं त्याच्या इभ्रतीला शोभत नाही, म्हणून शेवटी पोऱ्याच भीक मागून मालकाला जगवतो. त्या काळच्या स्पेनमध्ये कनिष्ठ उमरावाची रिकामी बैठक ही प्रतिष्ठेची खूण होती. आळस हा शब्द त्याच्यासाठी नव्हताच.

आता आळशी माणसासाठी स्पॅनिशमध्ये जो आणखी एक शब्द आहे, त्याकडे पाहू. तो आहे ‘गांदुल’. त्यावरून क्रियापद ‘गांदुलेआर’, म्हणजे टंगळमंगळ करणं. हा शब्द अंदलुसी अरबीतून आला, मूळ ‘घंदूर’. लाडावलेला, नटवा, ऐटबाज तरुण असा त्याचा अर्थ. मोरोक्कोच्या बोलीत हा अर्थ अजून ओळखीचा आहे. ग्रानादातल्या मुसलमान तरुणांच्या एका जुन्या लष्करी पथकालाही हे नाव होतं, अशी नोंद स्पॅनिश अकादमीच्या कोशात आहे. म्हणजे फेटा तिरका बांधून मिरवणारा शिपाई गडी. १४९२ च्या जानेवारीत ग्रानादा पडलं. हरलेल्यांची भाषा बोलण्यावर पुढे बंदी आली. शब्द मात्र स्पॅनिशमध्ये राहून गेला आणि त्याचा अर्थ उरला : ऐतखाऊ.

मी उर्दू-मराठीच्या सीमेवर वाढलेला माणूस आहे. असे शब्द दिसले की मी थबकतो. इथे तर थबकण्यासारखं आणखी काही आहे. लास वेल्गास मठातल्या राजघराण्याच्या थडग्यांतून मध्ययुगीन वस्त्रं निघाली, ती आज तिथल्या संग्रहालयात मांडलेली आहेत. त्यांतली कितीतरी अंदलुसी मुसलमान विणकरांच्या मागांवरची आहेत, काहींवर अरबी अक्षरं विणलेली आहेत. ज्यांच्या भाषेतून आळशाला नाव मिळालं, त्यांच्याच हातचं कापड राजांनी शेवटच्या विसाव्याला अंगाभोवती घेतलं.

आणि या समाजाचे जे वंशज ख्रिस्ती होऊन स्पेनमध्ये राहिले, ते मोरिस्को, त्यांच्यावर आरोप काय होता? नेमका उलटा. हे लोक फार राबतात, कमी खातात, पैसा साठवतात, बाहेर काढत नाहीत. १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख मोरिस्कोंना देशाबाहेर घालवण्यात आलं. वालेन्सियाच्या पाटाच्या पाण्यावरची शेतं कसायला माणसं उरली नाहीत. ताइनो काम करत नाहीत म्हणून दोषी, मोरिस्को फार काम करतात म्हणून दोषी. दोष आधी ठरतो, कारण मागाहून शोधलं जातं.

अठराव्या शतकात राजसत्तेला कामकरी हातांची गरज भासू लागली. १७७५ मध्ये ‘रिकामटेकड्यां’ना पकडून सैन्यात आणि आरमारात भरती करण्याचं फर्मान निघालं. १७८३ मध्ये तिसऱ्या कार्लोस राजानं जाहीर केलं की कातडी कमावणारा, लोहार, शिंपी, जोडे शिवणारा, सुतार यांचे धंदे प्रामाणिक आणि प्रतिष्ठेचे आहेत, ते करणाऱ्याची कुळप्रतिष्ठा त्यामुळे उणी होत नाही. असं फर्मान काढावं लागलं यातच सगळं आलं. मराठी वाचकाला त्या धंद्यांची यादी वाचून वेगळं काही सांगायला नको.

एकोणिसाव्या शतकात कापडगिरण्या आल्या आणि आपल्या शब्दानं कूस बदलली. बार्सिलोनाच्या गिरण्यांत भोंग्यावर दिवस सुरू होऊ लागला. १८५५ च्या जुलैत तिथल्या कामगारांनी एकत्र येऊन काम बंद ठेवलं. स्पेनमधला हा पहिला सार्वत्रिक संप. संघटना करण्याचा हक्क ही त्यांची मुख्य मागणी होती. या काम थांबवण्याला नाव मिळालं ‘वेल्गा’. ज्या शब्दानं मालक कामगाराला हिणवत होता, त्याच शब्दाचा भाऊबंद कामगारानं हातात घेतला. तुम्ही म्हणता आम्ही रिकामे बसतो? ठीक आहे, आता सगळे मिळून रिकामे बसू.

१९०४ मध्ये रविवारच्या सुटीचा कायदा झाला. १९०९ मध्ये संपाला कायद्यात जागा मिळाली. मग आला १९१९ चा फेब्रुवारी. बार्सिलोनाला वीज पुरवणाऱ्या कंपनीचं भांडवल कॅनडातून आलेलं, म्हणून लोक तिला ‘ला कानादिएन्से’ म्हणत. तिथल्या कचेरीतल्या आठ कारकुनांना कामावरून काढलं गेलं. त्यांच्यासाठी आधी कचेरी थांबली, मग वीजकामगार थांबले, आणि शहर अंधारात गेलं. ट्राम उभ्या राहिल्या, कारखाने बंद पडले. छापखान्यातल्या कामगारांनी संपाविरुद्धचा मजकूर जुळवायलाच नकार दिला. त्याला लोक ‘लाल सेन्सॉर’ म्हणू लागले. संप चव्वेचाळीस दिवस चालला. ३ एप्रिल १९१९ रोजी सरकारनं आठ तासांच्या कामाच्या दिवसाचा हुकूम काढला. सर्व उद्योगांसाठी आठ तासांचा दिवस कायद्यानं मान्य करणाऱ्या पहिल्या देशांत स्पेनची गणना होते, ती यामुळे. काम थांबवून मिळवलेला विसावा तो हाच.

पण जुना शेरा मेला नव्हता. ऑगस्ट १९३३ मध्ये, प्रजासत्ताकाच्या काळात, भटके आणि गुंड यांच्याविषयीचा एक कायदा संसदेनं संमत केला. लोकांनी त्याला नाव ठेवलं ‘ला गांदुला’. गुन्हा केला म्हणून शिक्षा, असं त्यात नव्हतं. माणूस ‘धोकादायक’ वाटतो एवढं पुरे होतं. ज्याच्याकडे कामधंदा नाही, घरदार नाही, असा माणूस त्यात सापडे. कायदा करणारे पुढे हरले, कायदा मात्र जिंकणाऱ्यांच्या हाती आयता पडला. फ्रँकोच्या हुकूमशाहीनं तो जोमानं वापरला आणि १९५४ मध्ये समलिंगी माणसांनाही त्यात घातलं. कॅनरी बेटांतल्या तेफिया इथल्या ‘शेतकी वसाहती’त अशा माणसांकडून दगड फोडून घेतले जात. १९७० मध्ये या कायद्याची जागा ‘सामाजिक धोक्या’च्या नव्या कायद्यानं घेतली, आणि तोही पुरता रद्द व्हायला १९९५ साल उजाडलं. ग्रानादाच्या ऐटबाज तरुणाचं नाव अशा रीतीनं विसाव्या शतकातल्या तुरुंगाच्या दारावर येऊन बसलं.

फ्रँकोच्या राज्यात संप हा राज्याविरुद्धचा गुन्हा होता. तरीही १९६२ च्या एप्रिलात आस्तूरियास प्रांतातल्या कोळसाखाणींत माणसं उतरलीच नाहीत. ना सभा, ना मिरवणूक. लोकांनी त्याला ‘मौनाचा संप’ म्हटलं. संप फोडून कामावर जाणाऱ्यांच्या वाटेवर बायका मक्याचे दाणे टाकत. तुम्ही कोंबड्या आहात, टिपा दाणे, असा त्याचा अर्थ. सरकारनं आणीबाणी पुकारली, पण शेवटी मजुरी वाढवावी लागली. फ्रँको १९७५ मध्ये वारला. १९७८ च्या राज्यघटनेनं संपाचा हक्क मूलभूत हक्कांत लिहिला. आणि १४ डिसेंबर १९८८ च्या सार्वत्रिक संपाच्या दिवशी मध्यरात्रीच्या ठोक्याला स्पेनच्या सरकारी दूरचित्रवाणीचा पडदाच काळा झाला. सारा देश दम घ्यायला थांबला.

या शब्दाला केवळ अर्थानं जवळचा असा एक शब्द आपल्या शेजारी, गोव्यात राहतो : ‘सुशेगाद’. पोर्तुगीज ‘सोसेगादो’ म्हणजे शांत, निवांत, चित्त स्थिर असलेला. स्पॅनिशमध्येही हा शब्द आहे. त्यात आळस कुठेच नाही. पण पर्यटनाच्या जाहिरातींनी सुशेगादचा अर्थ जवळजवळ ‘आळशी गोंयकार’ असा करून टाकला. ज्या गोव्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या बोटींवर खलाशी म्हणून राबली, घरोघरी स्वयंपाक करत राहिली, बँडपथकांत वाजवत राहिली आणि मुंबईत गावागावाच्या ‘कुडां’त दाटीवाटीनं राहून घरी मनीऑर्डरी पाठवत राहिली, त्यांच्या दुपारच्या झोपेचीच तेवढी ख्याती झाली.

आपले शब्द तरी काय सांगतात? मराठीतली ‘रजा’ अरबीतून आली. मूळ अर्थ मर्जी, संमती. म्हणजे रजा ही मालकाच्या खुशीची गोष्ट. ‘फुरसत’ही तिकडचीच, मूळ अर्थ संधी. ‘विश्राम’ या संस्कृत शब्दात श्रम दडलेले आहेत. श्रमाशिवाय विश्राम नाही. संपाला इंग्रजीत जो शब्द आहे तो १७६८ मध्ये लंडनच्या खलाशांनी जहाजांची शिडं उतरवली त्या घटनेतून रुळला. फ्रेंचांचा ‘ग्रेव’ पॅरिसमधल्या ज्या चौकात बेकार माणसं कामाच्या शोधात उभी राहत, त्या चौकाच्या नावावरून आला. ‘हरताळ’ म्हणजे दुकानाला कुलूप. आणि ‘संप’ म्हणजे मुळात एकी. गुजरातीत तो आजही त्याच अर्थानं वापरतात. एकाच कृतीत इंग्रजाला शिडं दिसली, फ्रेंचाला चौक दिसला, आपल्याला एकजूट दिसली. स्पॅनिश माणसाला मात्र थकलेल्या छातीचा श्वास आठवला.

जुनी कागदपत्रं वाचताना ‘अमुक लोक आळशी आहेत’ असं वाक्य फार वेळा भेटतं. बुर्गोसच्या कायद्यात भेटतं, तसं आपल्याकडच्या साहेबी अहवालांतही भेटतं, आणि आजकाल घरकामाच्या बाईविषयी, रस्त्याच्या कडेला झाडाखाली पहुडलेल्या मजुराविषयी सहज बोलण्यातही. अशा वाक्यापाशी थोडं थांबावं. लिहिणारा कुठे बसून लिहितोय ते पाहावं. ज्याच्याविषयी लिहिलंय, तो त्याआधी किती तास उभा होता, हेही विचारावं. बहुतेक वेळा तो फक्त दम घेत असतो.